गैरहजेरी

सकाळी सव्वाअकरा वाजता, तापावरच्या औषधाच्या माहितीपत्रकाचा सातवा परिच्छेद संपवून आठवा सुरू करण्याआधी ती जराशी थांबली आणि समोरच्या गच्चीवर कुणीतरी उन्हात टाकलेली एकुलती एक गादी बघत राहिली. तेवढ्यात तिच्यासमोर बसलेला अनुस्वार खुर्चीतून उठला, त्याने तोंड भिंतीकडे वळवलं, हात लांब केला आणि तिच्या डाव्या खांद्याखालून लोहचुंबक फिरवून तो मोकळा झाला. "झालं, झालं," तो म्हणाला, "आता बरं वाटेल." तिला काहीही झालेलं नव्हतं. ती गादीचा विचार करत होती. म्हणजे गादीचाही नाही. गादीवरून तिला एक खोली आठवली होती, त्या खोलीत कोण झोपायचं ते आठवायच्या बेतात होतं, आणि आता गळ्याच्या डाव्या बाजूला ती ओळखीची वळवळ सुरू झाली, घसा आवळून आला आणि खोली गेली ती गेलीच. वर खोकला आला. मला काही झालं नव्हतं काका, असं ती म्हणाली खरी, पण ते म्हणताना आवाज असा काही चिरकला, की ऐकणाऱ्याने हिला नक्की काहीतरी झालंय असंच म्हटलं असतं. अनुस्वाराने चुंबक रुमालात गुंडाळून खणात ठेवला, पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि घड्याळात बघून एका चिठ्ठीवर वेळ टिपून ठेवली. ती कुणासाठी टिपली, हे तिने विचारलं नाही.

अनुस्वार हे काही त्याचं नाव नव्हतं. तो बुटका, गोल आणि कायम सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला, म्हणून छापखान्यात कुणीतरी फार पूर्वी ते ठेवलं आणि ते चिकटलं. ती त्याला तोंडावर काका म्हणायची. काका मुद्रितशोधक होते आणि ती वाचक. औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला, मुंगीच्या अक्षरातला जो कागद असतो आणि जो कुणीही वाचत नाही, तो या दोघांनी वाचलेला असतो. ती मूळ मजकूर मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट, आणि तो समोरच्या मुद्रितावर पेन्सिल फिरवत जातो. "दिवसातून दोन वेळा स्वल्प जेवणानंतर घ्यावे पूर्ण कंस गरोदर स्त्रिया वगळून कंस बंद." सोळा वर्षं. सुरुवातीला शब्दांचा अर्थ लागायचा आणि सगळे रोग आपल्याला आहेत असं वाटायचं. मग अर्थ लागेनासा झाला. डोळे ओळीवरून जात, जीभ आपली आपण चालू असे, आणि ती स्वतः कुठेही असे: लहानपणीच्या जिन्यात, कुणाच्या तरी लग्नात, न झालेल्या एखाद्या भांडणात. जीभ कामावर आणि बाई रजेवर. तोंड हलत असलेल्या माणसाचं मन तिथे नसेल अशी शंका कुणालाच येत नाही, ही गोष्ट तिला या नोकरीत कळली आणि ती तिने कुणाला सांगितली नाही.

आता त्या खोलीतही चुंबक आला होता. आणि तो तिचाच होता. झटक्यांवरचं यंत्र अंगात बसवलं तेव्हा दवाखान्याने दोन चुंबक दिले होते, एक तिच्यासाठी आणि एक घरच्यांसाठी. नवऱ्याचा त्याच्या पट्ट्याला असायचा. तिचा कपाटाच्या वरच्या खणात होता, कारण पर्समध्ये ठेवला तर कार्डं बिघडत आणि हाताला बांधला तर घड्याळ. म्हणजे नवऱ्याने खण उघडला, तो घेतला, छापखान्यात येऊन काकांना एका बाजूला नेलं, कसा फिरवायचा ते शिकवलं, आणि घरी येऊन नेहमीसारखा हातपाय धुऊन तिच्याशी पाणी उशिरा आल्याबद्दल बोलत बसला. तिला राग यायला हवा होता आणि तो आलाही. पण रागाच्या आधी दुसरंच काहीतरी आलं: ज्या घरात आपण एकटे आहोत असं धरून चाललो होतो, तिथे कुणीतरी मघापासून खुर्चीत बसलेलं आहे असं ध्यानात यावं तसं काहीतरी.

यंत्राला सात महिने झाले होते. खांद्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक चपटी डबी, डबीतून निघालेली तार गळ्यापर्यंत, आणि तिथे ती एका नसेला गुंडाळलेली. ही नस मेंदूतून निघते, गळ्यातून उतरते आणि काळजाकडून पोटापर्यंत हिंडत जाते. तिच्या नावाचा मूळ अर्थच भटकी असा आहे, असं डॉक्टरबाईंनी हसत सांगितलं होतं. दर पाच मिनिटांनी डबी अर्धा मिनिट त्या नसेला हलकी वीज देते, म्हणजे झटके यायचे कमी होतात. त्याशिवाय झटका येतोय असं वाटलं तर वरून चुंबक फिरवायचा, की डबी लगेच एक जादा फेरी देते. याच नसेची एक फांदी आवाजाकडेही जाते, त्यामुळे फेरी चालू असेतो आवाज बसतो. एवढं सोडलं तर काही त्रास नाही, असं पत्रकात लिहिलेलं होतं. ते पत्रक दुसऱ्या कुठल्या तरी छापखान्यात दुसऱ्या कुणीतरी वाचलेलं असणार.

बसलेल्या आवाजाने मागच्या महिन्यात घोटाळा केला होता. वाचताना त्यांचा एक संकेत होता. पूर्ण म्हणजे पूर्णविराम, आणि मजकुरातच पूर्ण हा शब्द असेल तर तो ती वरच्या पट्टीत म्हणायची. एवढाच फरक, बाकी काही नाही, पण सोळा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी फेरी चालू असताना ती "गोळी पूर्ण गिळावी" असं वाचून गेली. पट्टीच नाहीशी झालेली. अनुस्वाराने शब्द खोडून टिंब दिलं, आणि मुद्रितावर झालं: प्रौढांनी एक गोळी. गिळावी. शेवटच्या तपासणीत ते सापडलं. दोघांना बोलावणं आलं. व्यवस्थापक भला माणूस. तो रागावला नाही, नुसतं म्हणाला की तब्येत पहिली, घड्या घालायच्या विभागात एक जागा आहे, तिथे आवाजाचं काम नाही, यंत्राचं काय ते बघा आणि मग आपण बोलू. घड्यांच्या विभागात चौदा बायका एका लांब टेबलाला समोरासमोर बसायच्या. तिथे नुसतं बघत बसलेल्या माणसाकडे चौदा माणसं बघणार.

आणि आज चार वाजता दवाखान्यात जायचं होतं. डबीत सगळं नोंदलेलं असतं. चुंबक कधी फिरला, कुठल्या दिवशी, किती वाजता. मागच्या वेळी डॉक्टरबाईंनी पडद्यावरचा आकडा बघून ओठ आवळले होते. दिवसाला आठ-नऊ वेळा चुंबक लागत असेल तर वीज कमी पडते आहे, पुढच्या वेळी असंच असलं तर वाढवू, थोडा आवाज जास्त बसेल. नवऱ्याने मान डोलावली होती. आठ-नऊ वेळा. त्यातली खरी किती, तर महिन्यातून एखादी. बाकीच्या वेळी ती भांडी विसळता विसळता थांबलेली असायची, किंवा बसच्या खिडकीतून बघत असायची, किंवा कुणीतरी तिला काहीतरी सांगत असायचं आणि ते फार लांबलेलं असायचं. पट्ट्याची पकड सुटल्याचा टक्क आवाज यायचा, छातीवरून त्याचा हात फिरायचा, गळा आवळायचा, आणि ती दचकून बघायची. तो म्हणायचा, "कुठे गेली होतीस?" दचकली म्हणजे परत आली, परत आली म्हणजे गुण आला. असा हा पुरावा होता आणि त्याला कुठूनच फट नव्हती.

तिने सांगून टाकायला हवं होतं. आज सांगितलं नाही तर वीज वाढेल, वीज वाढली की वाचन जाईल, आणि मग डोक्यात एकटीने बसायला जगात जागा उरणार नाही, हे तिला सरळ, दोन आणि दोन चार इतकं सरळ दिसत होतं. सांगायचं एवढंच होतं, की त्या तशा वेळी मी कुठे जात नाही, मी विचार करते. पण हे वाक्य एकटं येत नव्हतं. त्याच्या मागे लग्नाची एकोणीस वर्षं लोंबकळत होती.

खरे झटके होते, ते खोटे नव्हतेच. पहिला एकविसाव्या वर्षी, ग्रंथालयाच्या रांगेत. शुद्धीवर आली तेव्हा कुणाची तरी ओलसर चप्पल डोळ्यांसमोर होती. पुढे गोळ्यांनी पडणं थांबलं आणि बारीक झटके उरले, नुसते डोळे थिजण्याचे. त्यांची खूण तिला पक्की माहीत होती: घड्याळ मधली दोन मिनिटं गाळून पुढे गेलेलं असायचं आणि तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव यायची. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं, तर एक बाई गप्प बसून शून्यात बघते आहे. आणि अशा बाईशी लोक फार चांगलं वागतात. आवाज खाली करतात. मागू लागलेलं मागत नाहीत. सुरू केलेलं भांडण उचलून बाजूला ठेवतात. आई तिला एकदा स्थळांवरून फैलावर घेत होती, तेव्हा कंटाळून तिची नजर नुसतीच भिंतीवर गेली, आणि आई वाक्याच्या मध्येच थांबली, तिने खुर्ची सरकवली आणि पाऊल न वाजवता ती खोलीबाहेर गेली. इतकं सोपं असतं हे, असं तिला वाटलं. पाप वगैरे काही वाटलं नाही. ज्या दुखण्याने एवढं नेलं त्याने एक खोली दिली, तर बिघडलं कुठे?

नवरा लिफ्ट तपासायचा. शहरभरच्या इमारतींतल्या लिफ्टांचे दोर, कप्प्या, दारं. दोन मजल्यांच्या मध्ये काही थांबलेलं त्याला सोसत नसे. घरात नळ गळाला तरी तो ताटावरून उठायचा. लग्नाआधी तिच्या दुखण्याचं सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, किती वेळाने येतं, किती वेळ राहतं, ते लिहून ठेवू. आणि ठेवलं. लिफ्टच्या नोंदवहीसारखीच आखलेली वही: तारीख, वेळ, कालावधी, शेरा. झटका आला की हात लावायचा नाही, जवळ बसायचं, हळू आवाजात बोलत राहायचं, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात तो दोराला वंगण कसं देतात ते सांगत होता, सांगत होता, आणि ती नेहमीसारखी मनाने निघून गेली. तो थांबला. त्याने गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि हळू आवाजात बोलायला लागला. घाबरू नकोस, मी आहे इथे. मग थोडं थांबून, त्याच आवाजात: "मीच घाबरतो गं. घरी येताना जिन्यात पाय जड होतात माझे." तिला परत यायला हवं होतं. पण कसं येणार? ऐकलं असं दाखवायचं नसेल तर दोन मिनिटं पुरी करावीच लागणार होती. ती भिंतीकडे बघत राहिली आणि गळ्यापर्यंत आलेलं रडू तिने तिथेच धरून ठेवलं.

त्यानंतर ती जायची ती दोन गोष्टींसाठी जायची, हे स्वतःपाशी कबूल करायला तिला बरीच वर्षं लागली. एक स्वतःसाठी आणि एक त्याच्यासाठी. एरवी हा माणूस बोलायचा तो पाण्याची वेळ, गळका नळ, कुठल्या इमारतीत कोण दारात पाय घालतं, एवढंच. पण तिचे डोळे थिजले की, रिकाम्या लिफ्टमध्ये माणसं बोलतात तसा तो बोलायचा. साहेबाने चारचौघांत केलेला अपमान. न तपासता सही केलेली एक लिफ्ट, आणि पुढे सहा महिने त्या रस्त्यानेच न जाणं. तू चांगली आहेस, हे सुद्धा त्याने तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, ती नसताना सांगितलं. ती ऐकत राही. कुणाचं पत्र फोडून वाचल्यासारखं वाटे, आणि पत्रावर नाव तर आपलंच आहे असंही वाटे.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी दुपारी ती इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्या आठवड्यात सासूबाई येऊन गेल्या होत्या आणि जाताना नेहमीसारखं म्हणाल्या होत्या, तुझ्या दुखण्यापुढे इलाज नाही, नाहीतर माझ्या लेकाला मुलांची केवढी हौस. हे ती आठ वर्षं ऐकत आली होती. सासूबाईंकडून, आईकडून, शेजारणींच्या मायाळू चेहऱ्यांकडून. गोळ्यांमुळे मुलाला धोका असतो, आपण नको म्हणूया, असं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानेच तिला समजावलं होतं, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती, माझ्यामुळे, माझ्यामुळे असं म्हणत. त्या दुपारी हातात त्याचा सदरा होता आणि ती सासूबाईंच्या वाक्यापासून पळून कुठेतरी लांब गेली होती. तो येऊन समोर बसला. मग म्हणाला, "मूल मलाच नको होतं. तुझ्या दुखण्याचं नाव पुढे केलं मी. डॉक्टर म्हणाले होते, गोळी बदलून बघता येईल. ते मी तुला सांगितलंच नाही."

दोन मिनिटं झाली. ती परत आली नाही. तिसरं गेलं, चौथं गेलं. सदऱ्याची दुमडलेली बाही तिच्या बोटांत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती: आत्ता डोळे हलवले तर काय करू ते मला माहीत नाही. शेवटी तिने डोळे हलवले, तेव्हा तो घड्याळ धरून पांढराफटक होऊन बसला होता आणि त्याने विचारलं, "कुठे गेली होतीस?" वहीत त्या तारखेपुढे चार मिनिटं लिहिलेलं आहे. शेरा: सर्वांत लांब. याच ओळीवर मागच्या वर्षी डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. बारीक झटके पुष्कळ आहेत, गोळ्या दाद देत नाहीत, आणि हा बघा, चार मिनिटांचा, हे बरं नव्हे. यंत्राचा विचार करू. तेव्हा ती बोलू शकली असती. वही मिटून टाका, यातल्या निम्म्या नोंदी मी लिहवून घेतलेल्या आहेत, असं म्हणायचं होतं. त्याऐवजी तिने संमतीपत्रावर सही केली, आणि सही करण्याआधी सवयीने दोन शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवल्या.

यंत्र आलं आणि त्याचं बोलणं संपलं. आता ती थिजली की त्याच्याकडे करण्यासारखं काम होतं. पट्ट्याची पकड, चुंबक, टक्क. बोलायला दोन मिनिटं राहिलीच नाहीत. सात महिन्यांत त्याने तिला एकही खरी गोष्ट सांगितली नव्हती, आणि तो दिवसेंदिवस अधिक आनंदी दिसत होता, आणि संध्याकाळी समोरासमोर बसून ते पाण्याबद्दल बोलत.

तीन वाजता तो तिला घ्यायला छापखान्यात आला. काकांनी त्याला खणातली चिठ्ठी दिली. दोघांनी शाळेतल्या मुलांसारखं एकमेकांकडे बघून घेतलं. रस्त्यात तिने विचारलं, माझा चुंबक तुम्ही मला न विचारता का दिलात. तो म्हणाला, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. तो खरं तेच बोलत होता. तो तिच्या डाव्या बाजूने चालत होता, रस्त्याच्या कडेने, गाड्या आणि ती यांच्या मध्ये, एकोणीस वर्षं चालत आला तसा. त्याचा तिला राग यायचा आणि त्या रागाला कुठे टेकायला जागा नसायची.

डॉक्टरबाईंची खोली सहाव्या मजल्यावर होती. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, छातीपाशी एक जाडसर पट्टी धरली, आणि पडद्यावर आकडे उतरायला लागले. जुना आकडा आधी शून्यावर आणते, म्हणाल्या, मग नवा देऊ. म्हणजे आता काही मिनिटं यंत्र बंद होतं. तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि तो आत मोकळा गेला. मागच्या महिन्यात दोनशे एकोणनव्वद वेळा, डॉक्टरबाईंनी वाचलं. नवऱ्याने वही उघडून तेवढीच बेरीज दाखवली, काकांच्या चिठ्ठीतली आजची एक धरून. चोख काम. बाईंनी तारीफ केली. मग वाढवूया, असं म्हणून त्या वळल्या, आणि ती बोलली.

"ते झटके नाहीत," ती म्हणाली. आवाज तिचा होता. स्वच्छ, वाचनाचा, प्रत्येक अक्षर सुटं. सात महिन्यांनी तो असा सलग ऐकताना तिचं तिलाच नवल वाटलं. ती सांगत गेली. की ती बघत असते तेव्हा बघतच असते. की तिला विचार करायची सवय आहे, फार जुनी, आणि विचार करताना तिचे डोळे थांबतात. खरा झटका येतो तेव्हा तोंडाला चव येते, आणि तशी चव सात महिन्यांत पाच-सहाच वेळा आली. यंत्र येण्याआधीसुद्धा... इथे ती थांबली. यंत्र येण्याआधीसुद्धा सगळे तसे नव्हते, एवढं म्हणाली.

डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं. उडवून लावलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पेशंटला पुष्कळदा असं वाटतं, त्या म्हणाल्या, की मी नुसता विचार करत होते. ज्याला झटका येतो त्याला तो कळत नाही, तर त्याची साक्ष किती धरायची? पण तुम्ही म्हणता तसंही असू शकेल. असेल तर वाढवायचं सोडाच, मी कमी करेन. आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "त्या वेळी आजूबाजूचं ऐकू यायचं का? हे तुमच्याशी बोलत बसायचे असं म्हणतात. ते काय बोलले, एखादं वाक्य, आठवतं? आठवत असेल तर तो झटका नव्हे. प्रश्नच मिटला."

तोवर तिने नवऱ्याकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. त्याने वही मिटली होती आणि वहीवर दोन्ही हात ठेवले होते. त्याचा चेहरा हळूहळू, खालून वर, रिकामा होत गेला. एकोणीस वर्षं मागे जात असणार तो. स्वयंपाकघर, स्टूल, सही केलेली लिफ्ट, आणि तो त्या रविवारपर्यंत पोहोचला हे तिला त्याच्या डोळ्यांत अगदी नेमकं दिसलं. तिने किती वेळा हा क्षण मनात घोळवला होता! सासूबाई हौशीचं बोलत असताना, शेजारीण आपलं तान्हं तिच्यापासून जरा लांब धरत असताना. एका वाक्यात तो आडवा होईल, असं ते वाक्य तिच्यापाशी होतं. आणि आज तर त्यावर तिची सुटकाही होती. नुसतं म्हणायचं होतं. मूल मलाच नको होतं. वरच्या पट्टीत, खालच्या पट्टीत, कशाही पट्टीत. म्हटलं की ती मोकळी, गळा मोकळा, वाचन राहील, खिडकी राहील. आणि संध्याकाळी घरी जायचं. समोर तो. ज्या एका जागी तो उभ्या आयुष्यात खरं बोलला, तिथे कुणीतरी बसून ऐकत होतं हे कळलेला तो. तिला त्याची कीव आली असं नव्हतं, म्हणजे तेवढंच नव्हतं. तिला प्रचंड राग येत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर एक शब्द होता, इतका ठळक, इतक्या मोठ्या टायपात, आणि जिभेला सोळा वर्षांची सवय होती समोर असेल ते वाचून टाकायची.

"नाही," ती म्हणाली.

काहीच नाही? बाईंनी विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली. काही आठवत नाही. डॉक्टरबाईंनी मान हलवली, सहानुभूतीने, आणि पडद्याकडे वळल्या. नवऱ्याने श्वास सोडला, तो तिला ऐकू आला. आता नवा आकडा देते, बाई म्हणाल्या, तुम्ही आकडे म्हणत राहा म्हणजे आवाजाचा अंदाज येईल. तिने एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. चारच्या मध्ये गळा असा आवळला की चारचा नुसता वारा बाहेर पडला. पाच, सहा, सात हे ओठांनी म्हटले. होईल सवय, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पुढची तारीख लिहून दिली.

लिफ्टमध्ये ती दोघंच होती. दार बंद झालं तसा तो बोलायला लागला. ही लिफ्ट जुन्या बांधणीची आहे, दोर बदलायला आलेत, ऐक, वळताना कसा कुरकुरतो तो. घड्यांच्या विभागात बरं पडेल तुला, बसून काम, बोलायचं नाही. तो भरभर, उगाच जास्त बोलत होता आणि त्याचा हात पट्ट्यापाशी होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. दुसरीकडे कुठेही बघून चालणार नव्हतं, आकड्यांच्या दिव्यांकडे नाही, दाराच्या फटीकडे नाही. जरा नजर ठरली की पकड सुटली असती. म्हणून तिने डोळे थेट त्याच्या डोळ्यांत ठेवले, शुद्धीत असलेल्या माणसाचे ठेवावेत तसे, पाचव्या मजल्यावर, चौथ्या मजल्यावर. तिसऱ्याच्या आसपास त्याचं बोलणं अडखळलं. मग थांबलं. तो बघत होता की ती सगळं ऐकते आहे. बघता बघता त्याने मान खाली घातली, हात पट्ट्यावरून काढला आणि तो बुटांकडे बघत उभा राहिला. तळमजला यायला अजून दोन मजले होते, आणि दोघांपैकी कुणालाही बाहेर पडता येत नव्हतं.